सिफोर्डची चोरलेली वर्षे आणि ‘मेरिट’चा कांगावा

‘ज्याच्यात गुणवत्ता आहे त्याला कुणी अडवू शकत नाही.’ आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य आपल्याला हमखास ऐकवले जाते. जोडीला खेळाचे उदाहरण येते. मैदानात म्हणे जात नसते, रंग नसतो. चेंडूला यातले काही कळत नाही. चेंडूला कळत नसेल, पण मैदानाच्या फाटकावर बसलेल्याला सगळे कळते. खात्री करायची असेल तर चार्ली सिफोर्ड या अमेरिकन गोल्फपटूची कारकीर्द पाहा.

सिफोर्ड १९२२ साली नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात जन्मला. पोरवयात गोऱ्यांच्या क्लबात कॅडी म्हणून राबला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालणारा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता. म्हणजे ओझे वाहायला काळा चालला, देशासाठी लढायलाही चालला. फक्त खेळायला चालला नाही. कारण पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच लिहिले होते की सभासद गोऱ्या वंशाचा हवा. मनुस्मृती काय फक्त संस्कृतातच लिहितात?

काळ्या खेळाडूंची वेगळी संघटना होती, युनायटेड गोल्फ असोसिएशन. तिची राष्ट्रीय स्पर्धा सिफोर्डने ६ वेळा जिंकली, त्यातली १९५२ ते १९५६ सलग ५ वर्षे. गोऱ्यांच्या मोजक्या स्पर्धांत प्रवेश मिळे, तोही आयोजकांच्या मेहेरबानीने. १९५२ च्या फिनिक्स ओपनमध्ये तो आणि त्याचे काळे सहकारी पहिल्याच होलपाशी पोहोचले, तर त्यात विष्ठा भरून ठेवलेली! महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले होते. देश वेगळा, पण जात तीच.

आता खरा प्रश्न. हे दार उघडले कुणी? सिफोर्डच्या जिद्दीने उघडले, असे प्रेरणादायी व्हिडिओवाले सांगतील. ते अर्धसत्य आहे. बिल स्पिलर हे नाव ते घेणार नाहीत. पदवीधर असूनही रेल्वे स्थानकावर हमाली करणारा हा काळा गोल्फपटू. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत पात्र ठरूनही रंगामुळे बाहेर काढल्यावर त्याने सहकाऱ्यांसह पीजीएवर दावा ठोकला. यापुढे भेदभाव करणार नाही, असे सांगून पीजीएने तडजोड केली. मग ‘ओपन’ म्हणजे खुल्या स्पर्धांना ‘निमंत्रितांच्या’ स्पर्धा म्हणायला सुरुवात झाली. निमंत्रण काळ्याला द्यायचेच नाही, की झाले! ब्राह्मणी कावा याहून वेगळा काय असतो?

स्पिलर गप्प बसला नाही. त्याची तक्रार कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅनली मॉस्क यांच्यापर्यंत गेली. वंशभेद करणाऱ्या संघटनेच्या स्पर्धा आमच्या राज्यात चालणार नाहीत, अशी भूमिका मॉस्क यांनी घेतली. पीजीएने काय केले? १९६२ ची अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिसहून उचलून पेनसिल्व्हेनियात नेली. स्पर्धा हलवू, कलम हलवणार नाही! शेवटी सगळीकडून कोंडी होते आहे हे दिसल्यावर नोव्हेंबर १९६१ मध्ये कलम रद्द झाले. हृदयपरिवर्तन झाले नाही, कायद्याचा दट्ट्या बसला.

तेव्हा सिफोर्ड ३९ वर्षांचा होता आणि स्पिलर ४८. स्पिलरची कारकीर्द दारातच संपली. सिफोर्डने १९६७ साली ग्रेटर हार्टफोर्ड ओपन जिंकली आणि १९६९ साली लॉस एंजेलिस ओपन. वय अनुक्रमे ४५ आणि ४६. उतरणीच्या वयात जो जिंकतो, त्याने ऐन पंचविशीत काय केले असते? हा हिशेब कोणत्या गुणवत्ता यादीत मांडला जातो?

कलम गेले तरी रिवाज उरला. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण सिफोर्डला कधीच आले नाही. त्या मैदानावर कॅडी मात्र १९८२ पर्यंत सगळे काळेच होते! १९७२ पासून नियम झाला की दौऱ्यातली स्पर्धा जिंकणाऱ्याला मास्टर्समध्ये थेट प्रवेश. १९७४ साली ली एल्डर जिंकला आणि १९७५ मध्ये मास्टर्स खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. मर्जीने जे दिले नाही, ते लेखी नियमाने दिले.

मित्रांनो, आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. निवड जिथे मर्जीवर, ओळखीवर, ‘आमच्यात शोभेल का’ यावर चालते, तिथे आपला माणूस बाहेरच राहतो. आज खासगी कंपन्यांच्या मुलाखतीत जातीचे कलम कुठेही लिहिलेले नसते. आडनाव मात्र विचारले जाते. आरक्षण ही भीक नाही, मेहेरबानी तर नाहीच. ते मर्जीच्या जागी बसवलेला लेखी नियम आहे, म्हणूनच ते खुपते.

सिफोर्डला २०१४ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी स्वातंत्र्यपदक दिले. पुढच्याच वर्षी तो गेला. पदक मिळाले, वर्षे परत मिळाली नाहीत. पुढच्या वेळी कुणी ‘मेरिट’चा धडा द्यायला आला, तर त्याला एवढेच विचारा : स्पर्धा सुरू झाली तेव्हा फाटकाची किल्ली कुणाच्या खिशात होती?

जय भीम!