कोपरा कुणाचा?

रमजानच्या अठराव्या रोज्याला दुपारी आमच्या दारात सात खोकी येऊन पडली. आत एक अख्खं कपाट होतं, पण सुटं. फळ्या, बिजागऱ्या, लाकडी खुंट्या, स्क्रूंच्या पुड्या आणि एक पुस्तिका, जिच्यात सगळी चित्रंच, शब्द एकही नाही. फर्निचर असं चपट्या खोक्यांत विकण्याची रीत 1950 च्या दशकात स्वीडनमध्ये रुजली. आता ती आपल्या गावापर्यंत पोचली आहे. माझी बायको चार वर्षं पलंगाखालच्या सुटकेसमधून कपडे काढत होती. ईदच्या आधी कपाट उभं राहावं एवढंच तिचं म्हणणं होतं आणि ते रास्त होतं.

खोली 10 बाय 11 ची. एका बाजूला पलंग, एका बाजूला दार-खिडकी. 11 फुटांची एक भिंत आणि तिचा कोपरा तेवढा मोकळा. मी टेप लावला. अडीच फुटांचे तीन खण, म्हणजे साडेसात फूट लांबी, दोन फूट रुंदी. कपाट कोपऱ्याला चिकटून अगदी छान बसत होतं.

अम्मी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "रहने दे रे, मैं अगले साल बैठूंगी." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते कळायला पूर्ण एक दिवस लागला.

त्या कोपऱ्यात अम्मी इतिकाफला बसते. रोजा, इफ्तार, शीरखुर्मा हे शब्द आपल्या गावात सगळ्यांनाच ठाऊक आहेत. इतिकाफ तसा कमी ऐकलेला. विसाव्या रोज्याच्या सूर्यास्ताआधी जगाकडे पाठ करून बसायचं आणि ईदचा चाँद दिसल्यावर उठायचं, असे हे शेवटचे दहा दिवस. महिना कधी 29 चा भरला तर नऊच. पुरुष मशिदीत बसतात. आमच्या हनफी परंपरेत स्त्रिया घरातच, नमाजसाठी ठरवलेल्या जागी बसतात. वजू, शौच अशा गरजेखेरीज ती जागा सोडायची नाही. नमाज, कुराणपठण, दुआ यांतच दिवस-रात्र घालवायची. 21, 23, 25, 27, 29 या रात्रींत शब-ए-कद्र शोधायची.

अम्मीच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ आहे, जो मी कधी नीट पाहिला नव्हता. वर्षभर तिला घरातलं कुणीही हाक मारतं. चहा, मिक्सर, नातवाचा सॉक्स, दारावरचा भाजीवाला. फक्त या दहा दिवसांत, भिंतीतल्या दोन खिळ्यांना दोरी बांधून जुनी चादर टाकली की तिला कुणी उठवत नाही. आम्ही बाहेरच्या खोलीत झोपतो, तिचं ताट चादरीपाशी नेऊन ठेवतो. तिच्या साऱ्या आयुष्यात तिची स्वतःची म्हणावी अशी जागा ती एवढीच. 3 फूट बाय 6 फूट.

एकोणिसाव्या रोज्याला तरावीहनंतर शेजारचे काका मदतीला आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हात कसलेला. त्यांनी आल्या आल्या कोपऱ्याला गुण्या लावला आणि भिंती काटकोनात नाहीत हे दाखवून दिलं. मग बरंच शिकवलं. कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करायचं असेल तर नुसती उंची मोजून भागत नाही. सात फूट उंच, दोन फूट रुंद कपाट उठताना सव्वासात फुटांहून थोडी जास्त जागा मागतं, आणि वर पंखा असतो. मागचा पत्रा ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे; ते सारखे भरले तरच ठोकायचं, नाहीतर दारं कधीच सरळ लागत नाहीत. पार्टिकल बोर्डात स्क्रू काढून परत पिळला की पकड जाते, म्हणून पहिल्यांदाच नीट. आणि वरची पट्टी भिंतीला आवळल्याशिवाय कपाटावरचा हात काढायचा नाही. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

मग त्यांनी पक्कड घेतली. "हे दोन खिळे काढू का? आड येतायत."

खिळे कशाचे ते मी सांगितलं. त्यांनी पक्कड खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्याकडं देवघर तीनदा हललं. आधी टीव्हीसाठी, मग फ्रिजसाठी, मग पोराच्या कॉम्प्युटरसाठी. आता ओट्याच्या वर, भांड्यांच्या शेजारी आहे. तुझी काकी उभ्यानंच पूजा करते. बसायला जागाच नाही ना."

दोन्ही घरांत कुणी कुणाला जागेवरून उठवलं नव्हतं. वस्तू येत गेल्या आणि माणसं आपणहून सरकली. माझं म्हणणं एवढंच आहे की घरात मोजमाप होतं ते वस्तूंचं. फ्लॅटच्या नकाशात कपाटाची, टीव्हीची, वॉशिंग मशीनची जागा आखलेली असते. म्हातारीने माळ घेऊन कुठे बसावं, दहावीच्या मुलीने दार लावून कुठे वाचावं, हे आखलेलं नसतं. आणि जागा कमी पडते तेव्हा "राहू दे" म्हणणारं माणूस बहुतेक वेळा बाईच असते.

कुणी म्हणेल, छोट्या घरात हे चोचले कसे परवडणार? कपडे काही हवेत लटकत नाहीत. बरोबर आहे. मी कपाट नको म्हणत नाही. पण घेण्याआधी टेप एकदा माणसांना लावावा. कोण कुठे बसतं, कुठे निजतं, कुणाला कधी एकटं राहावंसं वाटतं, हे विचारावं, आणि खोकी दारात येण्याआधी विचारावं. खोकी आल्यावर मिळतं ते उत्तर "राहू दे" हेच असतं.

सुटं कपाट असण्याचा फायदा त्या रात्री कळला. काका आणि मी दोनच खण जोडले, तेही भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. पाच फूट कपाटाला गेले, कोपऱ्याकडे सहा फूट उरले. तिसरा खण खोक्यातच दाराआड उभा आहे. बायकोचे सगळे कपडे कपाटात गेले. माझे सुटकेसमध्ये, पलंगाखाली. चार वर्षं तिने वाकून काढले, आता काही दिवस मी काढीन.

विसाव्या रोज्याला मगरिबच्या आधी अम्मीने चादर आणली. दोरी मी बांधली. तिने जानमाज अंथरली, तस्बीह घेतली, आत गेली. नातवाने सवयीने "दादी!" अशी हाक मारली. आम्ही दोघांनीही ओठांवर बोट ठेवलं.