शिफारशीने उघडणारे दार

केवायसीचे नियम येण्यापूर्वी बँकेत बचत खाते उघडावयाचे तर अर्जावर एखाद्या जुन्या खातेदाराची ‘ओळख’ लागे. तो सही करी, आणि ती सही बँकेतील नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. नवा खातेदार पुढे लबाड निघाला, तर पहिले बोलावणे ओळख देणाऱ्याला जाई. आजच्या तरुण पिढीला ही पद्धत पुराणकालीन वाटेल. परंतु तीच पद्धत याच पिढीच्या संगणकात, थोड्या निराळ्या वेषात, गेली वीसहून अधिक वर्षे नांदते आहे. इंटरनेटवर अशी काही मंडळे आहेत की, जुन्या सभासदाच्या निमंत्रणाशिवाय तेथे प्रवेश मिळत नाही. तेथे देवघेव होते ती पैशांची नव्हे, तर फाइलींची: गाणी, चित्रपट, पुस्तके, संगणकाचे प्रोग्रॅम.

घरातील मुलगा किंवा नातू जेव्हा म्हणतो, ‘हे खासगी आहे, निमंत्रणाशिवाय कोणी आत येत नाही, म्हणून काळजी नको,’ तेव्हा त्या विधानाचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावयास हवा.

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये बिटटोरंट ही पद्धत प्रसिद्ध केली. मोठी फाइल सर्वांनी एकाच ठिकाणाहून उतरवून घेण्याऐवजी तिचे लहान लहान तुकडे करावयाचे, आणि ज्याच्या हाती जो तुकडा आला असेल त्याने तो घेता घेताच इतरांना द्यावयाचा, अशी ही कल्पना. कोणत्या फाइलीच्या देवघेवीत कोण कोण सामील आहे याची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला ट्रॅकर म्हणतात. ट्रॅकर सार्वजनिक असला की कोणीही येतो, हवे ते घेतो आणि निघून जातो. देणारे थोडे, घेणारे पुष्कळ. शिवाय चित्रपटाच्या नावाखाली व्हायरस ठेवून जाणारेही असतात. या बेशिस्तीला कंटाळलेल्या लोकांनी जी बंद दाराची मंडळे काढली, ते खासगी ट्रॅकर.

त्यांतील एक नामांकित मंडळ म्हणजे इंग्लंडमधील मिडल्सब्रो येथील ॲलन एलिस या तरुणाने २००४ मध्ये सुरू केलेला ‘ओइंक्स पिंक पॅलेस’. संगीताला वाहिलेल्या या मंडळाची सभासदसंख्या तीन वर्षांत सुमारे १ लाख ८० हजारांवर गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये ते बंद पडले आणि त्याची जागा ‘व्हॉट डॉट सीडी’ या नव्या मंडळाने घेतली. येथे निमंत्रण नसलेल्यास मुलाखत देऊन प्रवेश मिळू शके, आणि ती मुलाखत बँकेच्या भरती परीक्षेला लाजविणारी होती. ध्वनीचे कोणते स्वरूप मूळ मुद्रणाशी तंतोतंत जुळते आणि कोणत्यात काही अंश कायमचा गळतो, हे उमेदवाराला सांगावे लागे. एमपीथ्री फाइलीचे नुसते रूपांतर करून ती अस्सल म्हणून कोणी पुढे केली, तर ध्वनीचा आलेख पाहून ती लबाडी कशी ओळखावी, हेही विचारले जाई. पितळेला दिलेला सोन्याचा मुलामा कसोटीवर ओळखण्यासारखेच हे काम. दुर्मीळ ध्वनिमुद्रिकांची इतकी काटेकोर सूची फार थोड्या ग्रंथालयांनी केली असेल, हे मान्य केलेच पाहिजे. चांगली मुले या मंडळांकडे ओढली जातात ती केवळ फुकटेपणामुळे नव्हे. तेथील शिस्त आणि व्यासंग यांचेही आकर्षण असते.

या मंडळांचा हिशेब मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रत्येक सभासदाच्या नावावर त्याने किती उतरवून घेतले आणि किती इतरांना पुरविले, याची खतावणी असते. दिलेल्याला घेतलेल्याने भागले की जो आकडा येतो त्यास ‘रेशो’ म्हणतात. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की प्रथम समज मिळते, नंतर खाते गोठविले जाते. फाइल घेऊन लगेच पोबारा करणाऱ्याला वेगळा दंड असतो. वरवर पाहता ही व्यवस्था निर्दोष वाटते. पण जमाखर्च लिहिणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल की, येथे प्रत्येक नावेला तितकीच जमा आहे. एकाने १ जीबी घेतले म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नेमके १ जीबी दिलेले असते. म्हणजे साऱ्या मंडळाचा मिळून रेशो एकच राहणार. कोणाचा तीन झाला, तर इतर कोणाचा तरी एकाखाली जाणारच. नवा सभासद उत्साहाने येतो, चार फाइली घेतो आणि परतफेडीसाठी रात्रंदिवस संगणक चालू ठेवतो. पण वेगवान यंत्रे बाळगणाऱ्या जुन्या सभासदांपुढे त्याच्याकडून घ्यावयास कोणी येत नाही. त्याची दानत असते, पण गिऱ्हाईक नसते. म्हणून ही मंडळे अधूनमधून काही फाइली ‘मोफत’ जाहीर करतात, म्हणजे घेतलेले नावे पडत नाही. फाइल दीर्घकाळ उपलब्ध ठेवणाऱ्यास गुणही देतात. बँकेच्या भाषेत पहिली कर्जमाफी आणि दुसरे ठेवीवरील व्याज. काही मंडळांत देणगी देऊन रेशो सुधारण्याची सोय असते. तेथे सावध व्हावे. कारण ज्या क्षणी पैसा आला, त्या क्षणी ‘आम्ही केवळ रसिक आहोत’ हे म्हणणे कमकुवत होते.

ओळख देणाऱ्याची जबाबदारीही जुन्या बँकेसारखीच. कोणी कोणाला निमंत्रण दिले याची वंशावळ अनेक मंडळांत जपून ठेवलेली असते, आणि निमंत्रिताने गैरवर्तन केले तर निमंत्रकाचेही खाते जाऊ शकते. त्यामुळे निमंत्रणे विकत मिळतात अशी जाहिरात दिसली की ती फसवणूक समजावी. विकत घेणारा पैसे तर गमावतोच, शिवाय स्वतःचा ई-मेल पत्ता आणि पैसे भरल्याची खूण अनोळखी माणसाच्या हाती देऊन बसतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खासगी मंडळातून घेतलेल्या टोरंट फाइलीत ट्रॅकरच्या पत्त्याबरोबर त्या सभासदाची गुप्त खूण गुंफलेली असते. ती फाइल मित्राला पाठविली की त्याचा सारा व्यवहार आपल्या नावावर मांडला जातो. सही केलेला कोरा धनादेश देण्यातलाच हा प्रकार.

आता त्या उत्तरार्धाकडे वळू. दार बंद आहे म्हणून आतील मालावर आपला हक्क सिद्ध होत नाही, आणि दार बंद आहे म्हणून ते कोणी उघडणार नाही असेही नाही. ओइंकवर २३ ऑक्टोबर २००७ रोजी ब्रिटिश आणि डच पोलिसांनी एकाच वेळी कारवाई केली. ॲम्स्टरडॅम येथील त्याचे सर्व्हर जप्त झाले. खटल्याचा शेवट विलक्षण झाला. संस्थापक एलिस जानेवारी २०१० मध्ये निर्दोष सुटला. मात्र त्यापूर्वीच, संगीत चढविणाऱ्या काही साध्या सभासदांनी गुन्हा कबूल करून शिक्षा भोगली होती. मंडळ चालविणारा सुटतो आणि सभासद अडकतो, हे निमंत्रण स्वीकारणाऱ्याने ध्यानात ठेवावे. व्हॉट डॉट सीडी नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद पडले. फ्रान्समधील संगीतकारांच्या हक्कांचे व्यवस्थापन करणाऱ्या ‘सासेम’ या संस्थेच्या तक्रारीवरून तेथील पोलिसांनी यंत्रे ताब्यात घेतली, आणि सभासदांची सारी माहिती नष्ट केल्याचे चालकांनी जाहीर केले. वर्षानुवर्षे साठविलेला रेशो एका रात्रीत शून्य झाला. या खात्यांना ठेव विमा नसतो.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. पण कमी शिक्षा म्हणजे निर्दोषत्व नव्हे. ‘स्वतःपुरते घेतले’ हा बचावही येथे लंगडा पडतो, कारण या पद्धतीत घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो. अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना शास्त्रकारांनी चोरीस साहाय्य करणे आणि चोरून आणलेले घेणे यांची नावे वेगवेगळी सांगितली आहेत. बिटटोरंटमध्ये बटन एकदाच दाबले जाते आणि दोन्ही घडतात.

परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जर्मनीत हक्कधारकांच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्या सार्वजनिक देवघेवीत स्वतःच सामील होतात, समोरच्या जोडणीचा क्रमांक टिपून ठेवतात, न्यायालयाच्या आदेशाने सेवा पुरविणाऱ्याकडून नाव मिळवितात, आणि मग वकिलाचे पत्र येते. त्यात मागितलेली रक्कम काही शे युरोंच्या घरात असते. जोडणी घरमालकाच्या किंवा सहनिवासी मित्राच्या नावावर असेल, तर पत्र त्याला जाते. खासगी मंडळात अशा पाळतीची शक्यता कमी. पण देवघेवीतील प्रत्येकाला दुसऱ्याचा क्रमांक तेथेही दिसतो, आणि १ लाख ८० हजार सभासदांपैकी प्रत्येक जण कोण आहे हे कोण सांगणार?

म्हणून या पद्धतीवरच बहिष्कार घालावा असे नाही. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या त्यांचे निर्माते स्वतःच टोरंटने वाटतात. सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्हचे कितीतरी संग्रह तसेच मिळतात. अमेरिकेतील ‘ई-ट्री’ हे रसिकांचे मंडळ ज्या कलावंतांनी परवानगी दिली आहे त्यांच्याच मैफलींची मुद्रणे वाटते, आणि तीही विक्रीस मनाई ठेवून. अशा मंडळात जावयाचे असेल तर नियमावली आधी वाचावी. बहुतेक ठिकाणी एका माणसास एकच खाते असते. पासवर्ड इतरत्र कोठेही वापरलेला नसावा, बँकेचा तर नसावाच. कार्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या जोडणीवरून हा व्यवहार करू नये. गाण्याच्या फाइलीने स्वतःला ‘चालवा’ म्हटले, तर ती गाण्याची फाइल नाही असे समजून काढून टाकावी. काम संपल्यावरही प्रोग्रॅम मागे चालू राहून इतरांना पुरवीत असतो. तो किती पुरवील याची मर्यादा आपणच घालावी, नाहीतर महिन्याचा डेटा आठवड्यात संपेल.

जुन्या मराठी गाण्यांच्या संग्राहकांसाठी एक हिशेब उपयोगी पडेल. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीच्या मुद्रणावरील हक्क २०२० च्या अखेरीस संपला. परंतु शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते त्या त्या कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. त्या तबकडीवर या दोघांचे गीत असेल, तर शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालीवरील २०६२ अखेरपर्यंत कायम आहे.