निवडा, नाहीतर दंड भरा!

दर फॉलला न्यू जर्सीत काकांकडे आमची एक बैठक होते. काकांपुढे गोळ्यांचे डबे, माझ्या मांडीवर लॅपटॉप. विषय मेडिकेअर पार्ट डी, म्हणजे ज्येष्ठांचा औषधविमा. २००६ पासूनचा. खाजगी कंपन्यांचे प्लॅन, हवा तो निवडा म्हणे!

पासष्टीला काका ठणठणीत होते. एकही गोळी नाही, नोकरीचा विमाही संपलेला. प्लॅन घेतला नाही. पुढे घेतला तेव्हा चोवीस महिने उशीर झाला होता. दंड महिन्यामागे एक टक्का, म्हणजे सरकारी पायाभूत हप्त्याच्या चोवीस टक्के. दरमहा, आणि प्लॅन असेपर्यंत, म्हणजे जन्मभरच!

आजारी पडल्यावरच लोकांनी विमा घेऊ नये म्हणून हा नियम, हे कळतं हो. पण कंपनी दरवर्षी औषधांची यादी बदलते, तिला दंड कुठाय? काकांनी मात्र १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये सगळं पुन्हा ताडून पाहायचं. २०२५ पासून खिशातून जाणाऱ्या खर्चाला वार्षिक मर्यादा आली, छानच. पण तीही यादीतल्या औषधांपुरतीच.

ज्यांना लॅपटॉपवाली पुतणी नाही, त्यांनी काय करायचं? याला निवड म्हणतात?

असो. तुमच्या घरातल्या गोळ्यांची नावं आजच लिहून काढा.