चूक त्याची, बोनस माझा

“ओडीत टाका ना, मॅडम. कशाला थर्ड पार्टीच्या भानगडीत पडता?”

हा सल्ला मला आधी गॅरेजवाल्याने दिला, मग विमा एजंटाने, आणि ज्याच्या गाडीने मला ठोकलं त्या मालकानेही फोनवर अगदी मोठ्या मनाने दिला. ओडी म्हणजे ओन डॅमेज. गाडी दुसऱ्याने फोडायची आणि क्लेम आपण आपल्याच पॉलिसीवर लावायचा. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय, की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतच नाही. मी परळ-लालबागच्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. आकडे चुकीच्या खात्यावर पडलेले मला बघवत नाहीत, एवढाच काय तो फरक.

भारतमाताच्या सिग्नलला मी लाल दिव्यावर उभी होते. मागून एक दांडगी एसयूव्ही आली आणि माझी डिकी आत गेली. चालवणारा पगारी ड्रायव्हर, विशीतला पोरगा. उतरला तोच रडवेला होऊन: “ताई, मालक घरी बसवतील मला.” गर्दी जमली आणि बघता बघता निकालही लागला. मागून ठोकलं की चूक मागच्याची, हा आपल्या रस्त्यांवरचा सर्वमान्य कायदा. छापील कायदाही वेगळं सांगत नाही. मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायला सांगितलंय. एक काका म्हणाले, “पाच हजार घ्या आणि विषय संपवा.” पाच हजारांत नुसता बंपरसुद्धा येत नाही, हे काकांना कोण सांगणार! मी दोन्ही गाड्यांचे, त्याच्या लायसन्सचे आणि पॉलिसीचे फोटो काढले. पॉलिसी चालू होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

आता हिशेब बघा. बिल झालं ३४,००० रुपये. माझी गाडी सहा वर्षांची. पाच वर्षं उलटली की धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात. प्लास्टिकवर ५० टक्के, मग गाडी कालपरवा शोरूममधून आणलेली का असेना. डिकीचा दरवाजा १४,००० चा, त्यातले ५,६०० गेले. बंपर ७,२०० चा आणि टेल लॅम्प ३,००० चा, दोन्हींचे निम्मे गेले. छोट्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, तीही गेली. रंगाच्या सामानावरची कात्री धरून साधारण १२,००० माझ्या खिशातून. “झिरो डेप नव्हतं का?” असं सगळे विचारतात. घसारा न कापणारं ते जादा कव्हर जुन्या गाडीला सहजी मिळत नाही, आणि मिळालं तरी त्याचा जादा हप्ता मीच भरायचा ना?

खरी मेख पुढे आहे. एक वर्ष क्लेम न करता काढलं की नूतनीकरणाला ओडीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हाच तो नो क्लेम बोनस. मी ५० वर होते. एक क्लेम केला की थेट शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. ओडीचा हप्ता ६,००० धरला तर पहिल्या नूतनीकरणाला ३,००० जादा, मग १,८००, १,५००, ९०० आणि ३००. बेरीज ७,५००. म्हणजे उभ्या गाडीला दुसऱ्याने ठोकलं आणि ३४,००० पैकी १९,५०० माझ्या माथी बसले. एसयूव्हीच्या बंपरवर ओरखडाही नव्हता, त्यामुळे त्या मालकाने क्लेम केला नाही. त्याचा बोनस शाबूत. राहिला त्याचा थर्ड पार्टीचा हप्ता. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये सरकारने तो ७,८९७ रुपये ठरवून दिला. जपून चालवणाऱ्याला तेवढाच, ठोकत सुटणाऱ्यालाही तेवढाच.

मग तो हप्ता असतो कशासाठी? १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदीनुसार १९४६ पासून आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आज खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. माझी डिकी ही मालमत्ताच. पण ते पैसे मागायचे कुठे, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. वकील करा, पोलिसांचे कागद जोडा, तारखा घ्या. जिथे घरातला कमावता माणूस गेलेली कुटुंबं वर्षानुवर्षं निकालाची वाट बघत बसलेली असतात, त्या रांगेत मी बंपर घेऊन उभी राहू? मला नाही जमणार, आणि कोणावर ती वेळ येऊही नये.

शिवाय न्यायाधिकरणात दावा टिकवायचा तर पोलिसांत रीतसर गुन्हा नोंदवलेला बरा, असं वकील सांगतात. म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवल्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ त्या पोरावर लावायचं. पोलीस ठाण्यात अंमलदार समजुतीच्या सुरात म्हणाले, “कोणाला लागलेलं नाही ना? मग डायरीत नोंद करून देतो.” मला त्यांचा राग आला नाही. एका विमा कंपनीकडून ३४,००० रुपये मिळवायला बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या पोराला आरोपी करायचं, ही कुठली रीत? ज्या मालकाचा विमा, तो मालक मात्र या सगळ्यात कुठेच नाही. “तुमच्या इन्शुरन्समधून करून घ्या, वरचं मी बघतो,” असं म्हणाला होता. वरचं सांगायला फोन केले तर उचलेना.

कंपन्यांचं यात काही अडत नाही. त्यांच्यात ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा जुना समझोता आहे: दोन विमा असलेल्या गाड्या धडकल्या की ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाइकाचं बघायचं, एकमेकांकडे वसुली मागायची नाही. कंपन्यांपुरतं ते सोयीचं आहे, वर्षाअखेरीस त्यांचं देणं-घेणं जवळपास फिटत असेल. माझा घसारा आणि बोनस मात्र त्या फिटण्यात कुठेच मोजलेला नाही. तक्रार कुठे करावी? सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, पण तिथे आपण आपल्या कंपनीविरुद्ध जातो. दुसऱ्याच्या कंपनीपुढे मी पडले थर्ड पार्टी.

फ्रान्समध्ये अशा धडकेनंतर दोन्ही चालक रस्त्यावरच एक सामाईक फॉर्म भरतात. कोण कुठून आला, कुठे ठोकलं, छोटासा नकाशा, दोघांच्या सह्या. एकेक प्रत आपापल्या कंपनीला जाते. चूक नसलेल्याला त्याचीच कंपनी पैसे देते आणि नंतर दुसऱ्या कंपनीशी आपसांत हिशेब करते. चूक नसलेल्याची सवलत घटत नाही. ज्याने ठोकलं त्याचा हप्ता वाढतो. यात न्यायालय नाही की पोलीस नाही.

इथे हे करायला संसदेत जायची गरज असेल असं मला वाटत नाही. नो क्लेम बोनसचे नियम आणि घसाऱ्याचं कोष्टक विमा क्षेत्राच्या चौकटीतलं आहे. नियामक आयआरडीएआयने मनावर घेतलं तर सुरुवात करता येईल. चूक वादातीत असेल तिथे निर्दोष गिऱ्हाइकाचा बोनस तसाच ठेवायचा, आणि घसारा व वजावट समोरच्या कंपनीकडून वसूल करून द्यायची. लोक संगनमत करून खोट्या सह्या करतील, असं कंपन्या म्हणतील. करतीलही काही जण. पण ५०,००० च्या वरच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा आहेच, छोट्या क्लेमलाही कंपन्या आपला माणूस पाठवतात, आणि मुंबईच्या मोठ्या सिग्नलांवर कॅमेरे आहेत. माझ्या डिकीचे फोटो काढायला आलेल्या सर्व्हेअरने एका नजरेत सांगितलं, “मागून बसलीये, तुमचा काही दोष नाही.” मी विचारलं, हे रिपोर्टात लिहाल का? म्हणाला, “लिहितो की. पण त्याने तुमच्या बोनसला काही फरक पडत नाही, मॅडम.”