बासरी नव्हे, ब्रासरी!

“अहो, ही कुठल्या बासरीत जेवायला न्यायचं म्हणतेय?”

आमच्या सौ.नी फोनच्या पडद्यावर तळहात ठेवून मला दबक्या आवाजात विचारले. पडद्यावर हात ठेवला म्हणजे आपण दिसत नाही हे खरे. पण आपले बोलणे पलीकडे ऐकू जातेच, हे तिला अजून पटलेले नाही. तेव्हा पलीकडून, म्हणजे फ्रान्समधल्या ल्योन शहरातून, आमची कन्या खळखळून हसली आणि म्हणाली, “आई, बासरी नव्हे गं, ब्रासरी!”

या सदराच्या जुन्या वाचकांना आमची कन्या ठाऊक आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकता शिकता ती थेट ल्योनला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. लग्न मात्र कोथरूडच्या कार्यालयात झाले, आणि अगदी रीतसर झाले. व्याही आणि विहीणबाई दोघेही आले होते. दोघांनी केळीच्या पानावर उजव्या हाताने वरणभात कालवून खाल्ला. विहीणबाईंनी तर मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून अशी रिकामी केली, की सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्याबाईंनीसुद्धा मान डोलावली.

आता पाळी आमची होती. येत्या डिसेंबरात आम्ही उभयता मुलीकडे जाणार आणि पहिल्याच रविवारी विहीणबाईंनी आम्हाला दुपारच्या जेवणाचे आमंत्रण दिलेले. घरी नव्हे, ब्रासरीत.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, “तुम्ही एकटेच जाऊन या. माझे गुडघे दुखतात.”

हे गुडघे आदल्याच दिवशी पर्वतीच्या पायऱ्या चढून आले होते. तेव्हा दुखणे निराळे आहे हे मी ओळखले. पण कुठले, ते मात्र चुकीचे ओळखले. मला वाटले, ही काट्या-चमच्यांना भ्याली. आणि ज्या गोष्टीला भ्यायचे, तिची आधी नीट माहिती काढावी, हा माझा बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीतला नियम. मी वाचायला बसलो.

ब्रासरी हा शब्द फ्रेंचांच्या ‘ब्रासे’ या क्रियापदावरून आला. ब्रासे म्हणजे बिअर गाळणे. म्हणजे ब्रासरी ही मुळात बिअरची भट्टी. जर्मनीला लागून असलेला आल्सास प्रांत बिअरसाठी प्रसिद्ध. तिथल्या मंडळींनी भट्टीशेजारी टेबले मांडली आणि बिअरबरोबर आंबवलेली कोबी व सॉसेजेस वाढायला सुरुवात केली. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास जर्मनीकडे गेला आणि पुष्कळ आल्सासकर घरदार सोडून पॅरिसला आले. त्यांच्याबरोबर ब्रासरीही तिथे चांगलीच रुजली. पॅरिसची बोफँजे ही ब्रासरी १८६४ ची, लिप १८८० ची. आमच्या लेकीच्या ल्योनमधली जॉर्ज तर त्यांच्याही आधीची, १८३६ ची. आपल्याकडे कोकणातून आणि कर्नाटकातून आलेल्या माणसांनी पुण्या-मुंबईला खानावळी आणि उपाहारगृहे काढली, त्यातलाच हा प्रकार. घर सोडलेला माणूस परमुलखात पहिल्याने काय करतो? तर आपल्या गावची चूल पेटवतो.

फ्रान्समधली पुष्कळशी रेस्टॉरंटे दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद करतात, ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. हे वाचून एक पुणेकर म्हणून मला अतिशय आपुलकी वाटली. ब्रासरीचे तसे नाही. ती सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालू. कुणी पंचपक्वान्ने जेवावी, कुणी नुसती कॉफी घेऊन वर्तमानपत्र वाचीत बसावे.

एवढी माहिती जमल्यावर मी हिला म्हटले, “आपण इथेच रंगीत तालीम करू.”

पुण्यात फ्रेंच धर्तीची उपाहारगृहे आता काही नवलाची राहिलेली नाहीत. त्यातले एक निवडले आणि एका शनिवारी दुपारी आम्ही आनंदनगरला मेट्रोत बसलो. २०२२ साली ही मेट्रो वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली आणि २०२४ साली रामवाडीपर्यंत पोचली. तोवर कोथरूडकराला नदीपलीकडचे कोरेगाव पार्क फ्रान्सहून फारसे जवळ नव्हते. गाडी कर्वे रस्त्यावरून चालली होती. रस्त्याला नाव महर्षींचे. पण त्यांचे चिरंजीव रघुनाथराव गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला राहून आले होते आणि ‘पॅरिसच्या घरी’ हे पुस्तक त्यांच्याच नावावर आहे, हे मी हिला सांगितले. “म्हणजे आपल्या रस्त्याला फ्रान्स काही परका नाही,” असे मी म्हटले. ही खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

बंड गार्डनला उतरून रिक्षा केली. आत गेल्यावर एका तरतरीत मुलाने खुर्च्या ओढून दिल्या. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा एप्रन. नाव विचारले नाही, पण बोलण्यावरून कोल्हापूरकडचा निघाला. आम्हाला एकदम माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

पहिली फजिती माझी झाली. यादीत ‘आंत्रे’ असा मथळा होता. अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याकडे या शब्दाचा अर्थ मुख्य जेवण असा होतो. फ्रान्समध्ये मात्र आंत्रे म्हणजे प्रवेश. जेवणाआधीचा पहिला लहानसा पदार्थ! मी ऐटीत दोघांसाठी दोन आंत्रे सांगितले आणि यादी मिटून परत दिली. तो मुलगा अदबीने म्हणाला, “काका, ही नुसती सुरुवात झाली. पुढं जेवायचं काय?”

दुसरा प्रश्न सूपचा. फ्रेंचांचे कांद्याचे सूप जगप्रसिद्ध. भरपूर कांदा मंद आचेवर बदामी होईतो परतायचा, त्यावर पाव आणि चीज घालून भट्टीत भाजायचे. वाचून तोंडाला पाणी सुटते. पण मूळ रीतीत ते गोमांसाच्या पाण्यात करतात, हे आमच्या मुलीने आधीच सांगून ठेवले होते. शिवाय बऱ्याच पारंपरिक चीजसाठी दूध घट्ट करायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. तेव्हा कडक शाकाहारी माणसाने दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि विचारण्यात कमीपणा मानू नये. हिने त्या मुलाला सरळ विचारले. तो स्वयंपाकघरात जाऊन आला आणि म्हणाला, “काकू, आपल्याकडं भाज्यांच्या पाण्यातच करतात. चीजबी शाकाहारी आहे.”

“मग वन बाय टू दे,” ही म्हणाली.

पुण्यात हे निभावले. त्याने बिनतक्रार दोन वाडगे आणले. फ्रान्समध्ये मात्र ज्याचे ताट त्याचे, हे मी हिला बजावले. वाचलेले बाकीचे धडेही त्याच वेळी उरकून घेतले. काटे-चमचे बाहेरून आत असे वापरीत जायचे. पाव बशीत नव्हे, सरळ टेबलावर ठेवला तरी तिथे कुणाला वावगे वाटत नाही. नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर तिचे पैसे पडत नाहीत. सेवेचे पैसे कायद्याने किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे वर ठेवायचे ते खुशीने. चीज गोडाच्या आधी आणि कॉफी गोडाच्या नंतर. मांस न खाणाऱ्याने बटाट्याचे काप सायीत भाजलेले ग्रातँ किंवा वांगी-टोमॅटोची रातातूय मागावी, आणि अंडे चालत असेल तर ऑम्लेट आहेच. आमच्या हिला अंडे चालते.

काट्याचे म्हणाल तर दहा मिनिटांत हिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. जिने चाळीस दिवाळ्या झाऱ्याने चकल्या उलटल्या, तिला काट्याने बटाट्याचा काप उचलणे काय अवघड!

मग माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. सूप संपताच हिने दोन्ही वाडगे एकात एक घातले, चमचे वर ठेवले, टेबलावरचा पावाचा चुरा हाताने गोळा केला आणि ती उठली.

“कुठे निघालीस?”

“कुठे नाही,” असे म्हणून ही बसली. ग्रातँ आले तेव्हा त्या मुलाच्या हातातली ताटली घ्यायला ही पुन्हा अर्धी उठली. तो म्हणाला, “काकू, राहू द्या. तुम्ही बसा.” ही बसली, पण खुर्चीच्या काठावर. माझ्या पेल्यातले पाणी संपले तशी सुरईकडे हात गेला. माझा घास संपतो आहे का, याकडे लक्ष. पुढ्यातले ग्रातँ निवत होते.

“अगं, गरम आहे तोवर खा ना,” मी म्हटले.

तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, “मला बसून जेवता येत नाही हो. काट्याचं काय, ते शिकेन. पण दोन तास नुसतं बसायचं, नि दुसऱ्यानं आणून द्यायचं, हे मला जमत नाही. तिथे विहीणबाई शांत बसल्या असतील नि मी चारदा उठेन. काय म्हणतील त्या? मुलीला काय वाटेल?”

मी गप्प झालो. फ्रेंच लोकांच्या एकत्र बसून जेवण्याच्या रीतीची युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली आहे. एकामागून एक पदार्थ यावा, टेबल नीट मांडलेले असावे आणि सर्वांनी मिळून त्याचा आनंद घ्यावा, हे त्या रीतीचे मर्म. मौज अशी की, पूर्वी फ्रेंच लोकही आपल्या ताटासारखे सारे पदार्थ एकदम मांडीत. एकामागून एक वाढायची पद्धत त्यांनी एकोणिसाव्या शतकात उचलली आणि तिला ते आजही रशियन पद्धत म्हणतात. ही सगळी माहिती मी हिला ऐकवणार होतो. पण एकामागून एक गरम पदार्थ यायचा, तर कुणीतरी उभे असावे लागते. आमच्या घरी गेली अडतीस वर्षे मी तव्यावरची पोळी खात आलो. ती वाढणाऱ्या माणसाने कधी गरम पोळी खाल्ली का, हे आठवू लागलो, तर एकही प्रसंग आठवेना. तेव्हा युनेस्कोची गोष्ट मी तशीच गिळली.

त्या रात्री ही झोपल्यावर मी लेकीला फोन लावला. म्हटले, “विहीणबाईंना सांग, हॉटेलबिटेल नको. तुझ्या घरीच सगळे जेवू. आई बरं नाही म्हणून यायचंच टाळतेय.” आणि झाला तो सारा प्रकार सांगितला.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, त्या घरीच बोलावणार होत्या. स्वयंपाक फार छान करतात. पण लग्नात त्यांनी आईला पाहिलं होतं. तीन पंगती उठल्या तरी आई बसली नव्हती. ती चार वाजता जेवली, तेही उभ्याउभ्या. हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात नाही आलं, पण त्यांच्या आलं. त्या मला म्हणाल्या, घरी बोलावलं तर मी सारखी उठणार आणि तुझी आई मला मदत करायला उठणार. आम्ही दोघीही जन्मभर तेच करत आलो. ब्रासरीत गेलो तर दोघींनाही बसावं लागेल.”

सकाळी चहाच्या वेळी मी हे हिला सांगितले. चहा मी केला होता, म्हणून जरा पाणचट झाला होता. हिने तो निमूटपणे घेतला. पुष्कळ वेळाने म्हणाली, “म्हणजे तिनं बघितलं होतं म्हणायचं.”

त्यानंतर गुडघ्यांचे नाव निघालेले नाही. विहीणबाईंसाठी चकल्या न्यायच्या की अनारसे, एवढाच वाद आता उरला आहे.

मात्र तालीम अपुरी राहिली, असे माझे मत पडले. तेव्हा यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे फराळाची ताटे मी वाढणार आहे आणि ही पाटावर बसणार आहे. मध्ये उठायचे नाही, अशी अट घातली आहे. तिने ती मान्य केली आहे. फक्त चहाचे आधण स्वतः ठेवून मग बसेन, असे म्हणते.

एवढी सूट मी दिली आहे. पहिलीच दिवाळी आहे.