पिकअप डिझेलची की सीएनजीची? आधी वही काढा



टोमॅटोचा हंगाम जवळ आला की ऑफिसला एकच प्रश्न येतो: "दादा, पिकअप घ्यायचीय, डिझेल घेऊ का सीएनजी?" शोरूमवाला किलोला किती ॲव्हरेज तेवढं सांगतो आणि आपण तिथंच हिशोब बंद करतो. माझं मत थोडं वेगळं आहे, म्हणून आज लिहितोय.

*कागदावर सीएनजी जिंकते, हे खरं.* समजायला सोपे आकडे धरू. डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज १२, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज १५, म्हणजे ६ रुपये. महिन्याला ४००० किलोमीटर पळवली तर ६००० रुपये वाचले. तुमच्या गावचा दर आणि लोडवरचं ॲव्हरेज टाकून हाच हिशोब करा.

*आता दुसरी बाजू.* गेल्या हंगामात एका सभासदाची भाड्याची सीएनजी गाडी घेऊन मी वाशीला निघालो. ६० क्रेट माल, ओतूर–माळशेज–कल्याण रस्ता. वाटेतल्या पंपावर गॅस संपलेला. तिथं पाइपलाइन नाही, गॅस गाडीतून येतो. ती गाडी येईपर्यंत दोन तास रांगेत. नंतर प्रेशर कमी, टाकी निम्मीच भरली. गाळ्यावर पोचलो तेव्हा चांगलं गिऱ्हाईक निघून गेलेलं. क्रेटमागे १०० रुपये कमी मिळाले. ६० क्रेटचे झाले ६०००. महिनाभराची बचत एका रात्रीत गेली.

गाडीचा दोष नाही, ड्रायव्हरचाही नाही. त्या रस्त्याला ती गाडी चुकीची होती.

*म्हणून माझं मत:*

👉 रात्री लोड घेऊन घाट उतरायचा, पहाटे मार्केट गाठायचं, येऊन-जाऊन ३०० किलोमीटरच्या आसपास. अशा कामाला आजही डिझेलच. परत येताना घाट चढायलाही डिझेलची ताकद कामी येते.

👉 नारायणगाव–मंचर–चाकण–पुणे असा हायवेचा रोजचा फेरा असेल, तर सीएनजी घ्या. चाकण-पुणे पट्ट्यात पंप भरपूर आहेत. एक बंद असला तर दुसरा मिळतो. तिथं डिझेल जाळणं म्हणजे पैसे जाळणं.

👉 गाडी फक्त शेत ते संकलन केंद्र अशी चार-पाच किलोमीटर फिरणार असेल, तर नवीन बीएस-६ डिझेल टाळा. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी लांब, एकसारखी पळावी लागते. नुसत्या छोट्या फेऱ्यांनी तो चोक होतो आणि गॅरेजचं बिल येतं. खरं तर एवढ्या कामाला भाड्याची गाडीच परवडते.

*बुकिंगच्या आधी चार गोष्टी करा:*

१. महिनाभर वहीत रोजचे किलोमीटर लिहा. अंदाजाने सांगू नका, आपण नेहमी जास्तच सांगतो.

२. ज्या वेळी तुम्ही गॅस भरणार, त्याच वेळी पंपावर जाऊन उभे राहा. दुपारी दोनला रिकामा पंप बघून रात्रीचा निर्णय घेऊ नका.

३. पासिंग बघा. सिलेंडरचं वजन गाडीच वाहते. दोन्ही मॉडेलचं पासिंग शेजारी-शेजारी लिहून घ्या. दर फेरीला पाच क्रेट कमी बसत असतील तर तेही खर्चात धरा.

४. सीएनजी सिलेंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. जुनी गाडी घेताना टेस्टची तारीख बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

काही जण म्हणतील, पंप वाढतायत, दोन वर्षांत अडचण राहणार नाही. वाढतील, चांगलंच आहे. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, पंप होईल तेव्हा होईल. आज जो पंप आहे त्यावर गाडी घ्या.

वही घेऊन ऑफिसला या. कोटेशनवर सही करण्याआधी या, नंतर नको. बसून हिशोब करू.

आपला,
संचालक मंडळातला एक शेतकरी