कोशातील ‘बाटगा’

कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नव्हे, साक्षीदार होय, असे म्हणतात. आम्हांस ते मान्य आहे. मात्र साक्ष पुरी असावी, एवढेच आमचे मागणे.

‘बाटगा’ हा शब्द घ्या. एखादा लहान कोश ‘धर्मांतर केलेला’ एवढे लिहून मोकळा होतो. ‘बाटणे’ म्हणजे मुळात विटाळणे, सोवळे मोडणे. अन्न बाटते, पाणी बाटते, आणि त्याच न्यायाने माणूसही ‘बाटतो’. म्हणजे दुसरा अर्थ पहिल्यातून निघाला असून त्यात बोलणाराचा निवाडा भरलेला आहे. तो निवाडा न सांगता नुसती घटना नोंदवली, की शिवीच व्याख्या होऊन बसते.

आमच्या जालना जिल्ह्याचेच पाहा. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ते प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथोलिक. परंतु हा शब्द पंथ विचारून लागत नाही. शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते. त्यांचे सोवळे मोडले, असे निंदकांना निदान म्हणता आले. परंतु जे गावकुसाबाहेरून प्रभूकडे आले, त्यांना गावाने पाणवठ्यापासून आधीच दूर ठेवले होते. ज्यांचा जन्मच विटाळ मानला, ते स्नानसंस्काराच्या पाण्याने बाटले कसे?

यावर आमच्यातलेच काही बंधू म्हणतात, हा शब्द कोशातून काढूनच टाका. तेही आम्हांस पटत नाही. शब्द पुसल्याने अपमान पुसला जात नाही. पुरावा मात्र जातो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८) अर्थांना क्रमांक दिले, लाक्षणिक अर्थाला व प्रांतिक शब्दाला खुणा दिल्या. मग तिरस्काराला खूण देण्यास कोणती अडचण? नोंद अशी असावी : ‘१. विटाळलेला. २. (तिरस्कारार्थी) धर्मांतर केलेला. धर्मांतराने मनुष्य अपवित्र होतो असे मानणाऱ्यांनी योजलेला शब्द.’ तटस्थ अर्थासाठी ‘धर्मांतरित’ आहेच.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. या भाषेच्या घरात आम्ही पाहुणे नाही. तिच्या कोशाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे.

पालकहो, मुलाने या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्याला गप्प करू नका. कोश उघडून द्या. आणि कोशाने अर्धेच सांगितले असेल, तर उरलेले अर्धे तुम्ही सांगा.